लग्नाच्या डीव्हीडीची लिनक्सवर इमेज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात २००४ ते २०१२ या काळात जेवढी लग्नं, मुंजी आणि साठीशांती झाल्या, त्या सगळ्या स्टुडिओवाल्यांनी डीव्हीडीवर दिल्या. कॅसेट घरात चालत नव्हती आणि पेनड्राइव्ह अजून महाग होता, तो हा मधला काळ. आता त्यातले निम्मे स्टुडिओ बंद झालेत, डिस्क मात्र कपाटात आहेत. दर दिवाळीला कुणीतरी पिशवीभर डिस्क आणून माझ्यापुढे ठेवतं, आणि पुढचे दोन महिने फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून हे एकदा लिहून काढलं. इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमध्ये उतरवलेली हुबेहूब नक्कल.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच, उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

डिस्कमधल्या फाइली कॉपी-पेस्ट केल्या तर चालत नाही का? इमेजच कशाला?

डिस्क नवीकोरी असेल तर चालतं. पण आपल्याकडे असतात त्या पंधरा-वीस वर्षांच्या डिस्क. फाइल मॅनेजरला एक सेक्टर (डिस्कवरच्या माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा) वाचता आला नाही की तो अख्खी फाइल सोडून देतो, आणि डीव्हीडीवरची व्हीओबी, म्हणजे चित्रणाची फाइल, जवळपास १ जीबीची असते. म्हणजे नखाएवढ्या ओरखड्यापायी अर्धा तास चित्रण गेलं. इमेज करताना डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सरळ वाचली जाते आणि जे वाचता आलं नाही तेवढंच सुटतं. मेनू, चॅप्टर, सगळं जिथल्या तिथे राहतं.

डिस्क धडधाकट असेल तर सगळ्यात साधा मार्ग कोणता?

डीडी ही कॉपी करणारी कमांड. डिस्क घालायची, एलएसबीएलके चालवून ड्राइव्हचं नाव बघायचं. ज्याच्यापुढे ‘रॉम’ लिहिलेलं असतं तो आपला, बहुतेक एसआर-झीरो. मग: डीडी, स्पेस, आयएफ इक्वल टू स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर-झीरो, स्पेस, ओएफ इक्वल टू लग्न डॉट आयएसओ, स्पेस, बीएस इक्वल टू २०४८, स्पेस, स्टेटस इक्वल टू प्रोग्रेस.

बीएस म्हणजे एका वेळी किती बाइट उचलायचे. २०४८ हा आकडा कुठून आला? डीव्हीडीचा एक सेक्टर २०४८ बाइटचा असतो. ‘बीएस १एम दिलं की पटकन होतं’ असं कुणी सांगेल, आणि चांगल्या डिस्कवर ते खरंही आहे. खराब डिस्कवर तेच अंगाशी येतं. ते पुढे सांगतो.

ओएफ लिहिताना थांबून दोनदा वाचा. तिथे फाइलच्या नावाऐवजी हार्डडिस्कचं नाव गेलं तर डीडी काही विचारत नाही, सरळ लिहायला लागतो. आणि सुडो (कमांडला सगळे अधिकार देणारा शब्द) लावायची सवय असेल तर त्याला अडवणारं कुणीच नाही.

टर्मिनल नकोच असेल तर जीनोम डिस्क्स, ब्रासेरो किंवा के-थ्री-बी यांत डिस्क इमेज करण्याची सोय आहे. पण एरर आली की शेवटी टर्मिनलवरच यावं लागतं.

‘परमिशन डिनाइड’ येतं.

तुमचं नाव ड्राइव्हच्या ग्रुपमध्ये नाही. डेबियन-उबुंटूवर तो ग्रुप सीडीरॉम, आर्चवर ऑप्टिकल. यूजरमॉडने नाव घाला आणि लॉगआउट करून परत या. परत आल्याशिवाय फरक पडत नाही; निम्मे लोक इथेच चिडून सुडो लावतात.

‘नो मीडियम फाउंड’ म्हणतंय, डिस्क तर आत आहे!

आधी दुसरी कुठलीही डिस्क घालून बघा. तीही दिसली नाही तर ड्राइव्हची भिंग धुळीने माखलीय किंवा लेझर थकलाय. दुसरी दिसते आणि हीच दिसत नाही, तर तीन शक्यता: डिस्कच्या आतल्या कडेला, भोकाजवळ डाग आहे (ड्राइव्ह सगळ्यात आधी तिथलंच वाचतो), डिस्क फायनलाइज झालेली नाही (म्हणजे लिहून झाल्यावर बंद केलेली नाही), किंवा रंगद्रव्य उडालंय. चार-पाच वेळा काढून घालून पाहा. जुन्या डिस्क कधी कधी तिसऱ्या-चौथ्या खेपेला ओळखल्या जातात. हसू नका, खरंच होतं.

कॉपी बरोबर चार जीबीला येऊन थांबते. दरवेळी तिथेच.

डिस्कचा काही दोष नाही. तुम्ही इमेज पेनड्राइव्हवर करताय आणि तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी होऊच शकत नाही. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ जीबीची. आधी इमेज घरच्या हार्डडिस्कवर करा. नंतर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून त्यावर टाका.

याच्याच शेजारचा प्रश्न: ‘डिस्कवर ४.७ लिहिलंय आणि फाइल ४.४ची दिसते, काही राहिलं का?’ नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, काही प्रोग्रॅम १०२४च्या पटीत. वस्तू तीच.

मध्येच ‘इनपुट आउटपुट एरर’ येऊन डीडी बंद पडतो.

हाच खरा प्रश्न, बाकीचे सगळे त्याच्या आजूबाजूचे.

एरर आली की पुन्हा पुन्हा तीच कमांड मारू नका. शेजारी दुसरं टर्मिनल उघडा, त्यात सुडो डीमेसेज हायफन डब्ल्यू चालवा आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) काय म्हणतोय ते वाचा. डीडी फक्त ‘जमलं नाही’ एवढंच सांगतो. का जमलं नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

‘मीडियम एरर’ आणि ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ दिसलं तर डिस्कचा तो भाग खराब किंवा घाण आहे. त्याच ओळीत सेक्टरचा आकडा असतो. तो ५१२ बाइटांच्या हिशेबाचा असतो, डीव्हीडीचा सेक्टर काढायचा तर चाराने भागा. दरवेळी आकडा तोच येत असेल तर ओरखडा. दरवेळी वेगळा येत असेल तर मला संशय डिस्कपेक्षा ड्राइव्हचा किंवा वायरीचा.

‘यूएसबी रीसेट’च्या ओळी दिसल्या, आणि एसआर-झीरो गायब होऊन एसआर-वन उगवला, तर बाहेरच्या ड्राइव्हला वीज कमी पडतेय. हे पातळ यूएसबी ड्राइव्ह फिरायला लागताना चांगलाच करंट ओढतात. हब काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला, पुढच्या नाही. दोन तोंडांची वायर मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा. दुसरं तोंड उगाच दिलेलं नसतं.

‘इलीगल रिक्वेस्ट’ दिसलं तर प्रकार वेगळा: एक तर विकतची कुलूपबंद डीव्हीडी, नाहीतर ती मुळात डीव्हीडीच नाही. दोन्ही खाली येतात.

डीडीला ‘नोएरर, सिंक’ दिलं की तो एररवरून पुढे जातो म्हणे?

जातो. पण नुसतं नोएरर दिलंत आणि सिंक विसरलात तर न वाचलेला तुकडा गाळला जातो आणि त्यापुढचं सगळं एकेक पाऊल मागे सरकतं. इमेज तयार होते, उघडत मात्र नाही. दोन्ही दिलंत आणि बीएस १एम ठेवलंत, तर एका खराब सेक्टरसाठी अख्ख्या एक एमबीत शून्यं भरली जाण्याची वेळ येते. आणि डीडीला आठवण नसते. उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करायचा तर सुरुवातीपासून. म्हणून खराब डिस्कला डीडी नकोच.

मग काय वापरायचं?

डीडीरेस्क्यू, ग्नू प्रकल्पातला. डेबियन-उबुंटूवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, पुढे ‘जी’ लावून. कमांड मात्र ‘जी’शिवाय. नावातल्या मधल्या रेघेचा फरक असलेला एक निराळाच प्रोग्रॅमही आहे, त्याचे पर्याय वेगळे; घोळ करू नका.

याची सगळी जादू मॅपफाइलमध्ये आहे. डिस्कचा कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला, कुठला हट्टी आहे, हे तो एका छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये टिपत जातो. वीज गेली, ड्राइव्ह अडकला, तुम्ही कंटाळून झोपायला गेलात, काही बिघडत नाही. तीच कमांड पुन्हा दिली की जिथे सोडलं तिथून पुढे.

पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, हायफन एन, हायफन बी २०४८, स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर-झीरो, लग्न डॉट आयएसओ, लग्न डॉट मॅप. हायफन एन म्हणजे अडलेल्या जागी खरवडत बसू नको, सोपं आहे ते आधी उचल. हा क्रम महत्त्वाचा. मरणपंथाला लागलेली डिस्क किंवा म्हातारा ड्राइव्ह खराब जागेवर तासभर घासत ठेवला तर चांगला भाग वाचायच्या आधीच जीव सोडू शकतो.

दुसरी फेरी: हायफन एन काढा, हायफन डी आणि हायफन आर ३ घाला. फाइलींची नावं तीच. आता तो फक्त राहिलेल्या जागांवर तीन-तीनदा प्रयत्न करतो. तरी उरलं तर मोठा आर लावून उलट्या दिशेने वाचायला सांगा. पलीकडून आलं की कधी कधी जमतं.

तिसरी फेरी दुसऱ्या ड्राइव्हवर. लेझर प्रत्येकाचा वेगळा, आणि एकाला न दिसलेलं दुसऱ्याला सहज दिसतं. इमेज आणि मॅपफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या, डिस्क तिथे घाला, तीच कमांड. तो फक्त खड्डे भरतो.

माझ्या मावसबहिणीचं लग्न २००७चं. डिस्क टीव्हीवर बरोबर अंतरपाट दूर होतो तिथे अडकायची. मंगलाष्टकं संपतात, ‘सावधान’ ऐकू येतं, आणि नवरदेवाच्या मुंडावळ्यांचे हिरवे-जांभळे चौकोन होतात. डीडी १.९ जीबीला मेला. डीडीरेस्क्यूच्या पहिल्या फेरीत सहा एमबी सोडून सगळं आलं. डिस्क पुसून दुसरी फेरी केली तर राहिलं दीड एमबी. मग शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधला, कडकड आवाज करणारा ड्राइव्ह मागून आणला, आणि शेवटी राहिले ९६ केबी. हार घालताना चित्र क्षणभर थरथरतं. मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, “अरे नाही, ते कॅमेरावाल्याचा धक्का लागला होता.” मी वाद घातला नाही.

९६ केबी गेलं म्हणजे नेमकं किती गेलं?

डीव्हीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय सोळा-सोळा सेक्टरांच्या गठ्ठ्यात असते. गठ्ठा वाचला तर सगळा, नाहीतर सगळाच जातो. एक गठ्ठा ३२ केबी. म्हणून उरलेला आकडा बहुधा ३२च्या पटीत दिसतो.

दोन तासांचं लग्न ४.७ जीबीत बसवलेलं असेल तर सेकंदाला साधारण ६५० केबी पडतात. म्हणजे एक गठ्ठा सेकंदाचा विसावा भाग. पण एमपेग-२ मध्ये (डीव्हीडीवरचं चित्रण ज्या पद्धतीने दाबून ठेवतात ती) एक चित्र मागच्या चित्रावर अवलंबून असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर असा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमांचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो, त्यामुळे डाग तेवढा वेळ रेंगाळू शकतो. एक एमबी गेलं तर दीडेक सेकंद. ‘चार एमबी राहिलंय, आता काय’ म्हणून रात्री अकराला फोन करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

अपवाद एकच: खराब जागा आयएफओ फाइलीवर (कुठलं चित्रण कुठे आहे ते सांगणाऱ्या) आली तर. चित्रण शाबूत, पण प्लेयरला रस्ता सापडत नाही. डीव्हीडी बनवणाऱ्यांनी याची सोय केलीय, प्रत्येक आयएफओची प्रत बीयूपी नावाने शेजारी ठेवलेली असते. इमेज माउंट करून (डिस्कसारखी उघडून) फाइली बाहेर काढा आणि बीयूपीचं नाव बदलून आयएफओच्या जागी ठेवा.

डिस्क पुसायची कशी? टूथपेस्ट लावावी का?

चष्म्याचं मऊ कापड घ्या, ते पाण्याने किंचित ओलं करा आणि भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग गठ्ठे खातो. आडवा ओरखडा एकेका ठिकाणीच ओलांडला जातो. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या डिस्कवर पांढुरके ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा असे निघतात. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको.

टूथपेस्टने घासणं म्हणजे मुद्दाम पॉलिश करणं. इमेजचे सगळे प्रयत्न हरल्यावर, डिस्क तशीही टाकायचीच असेल, तरच.

वधू-वरांच्या फोटोचं स्टिकर लावलंय डिस्कवर. ते काढू का?

नको. ओढताना डिस्क वाकते. सुदैवाने डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, सीडीसारखा वरच्या रंगाखाली उघडा नसतो. पण स्टिकर वाळून ओढलं गेलं की डिस्क किंचित वाकते, समतोल जातो, आणि वेगात फिरताना घरघर होते. अशा वेळी वेग कमी करा: इजेक्ट, हायफन एक्स ४. प्रत्येक ड्राइव्ह हे ऐकत नाही, पण ऐकला तर फरक पडतो. माहिती आतून बाहेर लिहिलेली असते, म्हणून एका थराच्या डिस्कवर असा त्रास शेवटच्या भागात, वरातीच्या वेळी सुरू होतो. बोटांचे ठसेही तिथेच.

सगळं वाचून झालं आणि अगदी शेवटी एरर आली.

घाबरू नका. डिस्कच्या अखेरीला कधी कधी नुसतं भरताड असतं. आयएसओसाइज ही कमांड ड्राइव्हवर चालवा. फाइलसिस्टीम किती बाइटांची आहे ते ती सांगते. तुमची इमेज तेवढी किंवा जास्त भरली तर काम झालं. कमी भरली तर नाही.

याच पिशवीतली एक डिस्क सुरुवातीचं थोडं वाचते आणि मग नुसत्या एरर.

वरचा मजकूर नीट वाचा. ‘व्हीसीडी’ लिहिलं असेल. नाटकांच्या, भक्तिगीतांच्या आणि जुन्या लग्नांच्या कितीतरी डिस्क व्हीसीडी असतात. त्या सीडीच, चित्रण वेगळ्या प्रकारच्या सेक्टरांत असतं, आणि डीडी किंवा डीडीरेस्क्यूला ते साध्या पद्धतीने वाचता येत नाहीत. डिस्क ठणठणीत असूनही एरर येतात. त्यासाठी व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडी-एक्स-रिप वापरा, किंवा सीडीआरडीएओने कच्ची इमेज घ्या. ऑडिओ सीडीचंही तसंच, तिथे सीडीपॅरानोइया.

कॅमेऱ्यातली छोटी डिस्क आहे, ड्राइव्ह तिला कोरी म्हणतो.

८ सेंटिमीटरची, १.४ जीबीची ना? ती फायनलाइज केलेली नसणार. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन ते करावं लागायचं, आणि कुणी करत नसे. तो कॅमेरा अजून चालत असेल तर त्यातच फायनलाइज करा, नसेल तर त्याच कंपनीचा कुणाचा तरी मागून आणा. डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-मीडियाइन्फो चालवलं की ‘डिस्क स्टेटस’पुढे काय लिहिलंय ते दिसतं, ‘कम्प्लीट’ नसेल तर हेच कारण. आणि ही डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, बाहेर येणार नाही.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला ‘स्क्रॅम्बल्ड सेक्टर’ अशी एरर येते.

ते सीएसएस नावाचं कुलूप आहे, डिस्क खराब नाही. घरच्या डीव्हीडी-आरवर ते नसतं, त्यामुळे लग्नाच्या डिस्कची एरर या खात्यात टाकू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलंय, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. माझ्याकडे पिशव्या येतात त्या घरच्याच चित्रणाच्या, त्यामुळे सिनेमांत मी शिरत नाही. विभागाची (डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल याच्या क्रमांकाची) अडचण मात्र वेगळी: भारत विभाग ५ मध्ये येतो, आणि परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या डिस्कसाठी ड्राइव्हचा विभाग बदलत बसलात तर पाच बदलांनंतर तो कायमचा थिजतो.

इमेज बरोबर झाली हे कसं ओळखायचं?

व्हीएलसीत आयएसओ फाइल थेट उघडा. सुरुवात बघून खूश होऊ नका; शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा, मग मधे चार ठिकाणी. चांगल्या डिस्कसाठी सीएमपी कमांडने ड्राइव्ह आणि फाइल ताडून पाहा. गप्प राहिली तर जुळलं. खराब डिस्कसाठी मॅपफाइल हाच दाखला, ती इमेजशेजारी जपून ठेवा. पुढे कुणाकडे त्याच लग्नाची दुसरी प्रत निघाली आणि ती हुबेहूब त्याच इमेजवरून लिहिलेली असली, तर उरलेले खड्डे तिच्यावरून भरता येतात. मुलाकडच्यांना आणि मुलीकडच्यांना एकेक दिलेली असतेच.

शेवटी शा-२५६-समचा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या हार्डडिस्कवरची प्रत तीच आहे का ते कळेल.

आता एमपी४ करून व्हॉट्सॲपवर टाकू का?

टाका की. पण ती इमेजवरून काढलेली प्रत. इमेज पुसू नका. व्हीओबी फाइली क्रमाने जोडून एफएफएमपेगला दिल्या की झालं. शून्य क्रमांकाची व्हीओबी मेनूची असते, ती वगळा, नाहीतर गणपतीचा फोटो आणि सनई पाच मिनिटं फिरत राहतील.

आणि मूळ डिस्क? फेकून देऊ?

इमेज दोन ठिकाणी पोचल्याशिवाय नाही. त्यानंतरही माझ्याकडची एकही कुणी फेकू दिली नाही. मावशीची परत कपाटात गेली, शालूच्या घडीत.